चिंधी बांधायची राहिली

२३ जून, रविवार

ही वही जानेवारीपासून माझ्या बॅगेत पडलीय. मितेशदादाच्या कंपनीची आहे, वर सोनेरी अक्षरांत वर्ष छापलंय. सुरतेत लिहीन म्हटलं. तिथे साडीच्या गोदामात चार महिने काढले, एक ओळ लिहिली नाही. मग गोव्याला शॅकवर गेलो. तिथे पेन होतं तेव्हा वही ओली, वही सुकली तोवर पेन गेलेलं. खरं म्हणजे कारणं काही नाहीत, मला बसवत नाही. बसलं की कोणीतरी कुठेतरी निघालेलं दिसतं आणि मी त्याच्या मागे जातो. आज लिहितोय कारण डोकं फिरलंय आणि उमेळ्याच्या या वाडीत माझं ऐकायला फक्त एक मांजर आहे. तेही शेजारचं.

मार्चमध्ये मालनआत्या विहिरीपाशी घसरली, खुबा मोडला. ऑपरेशन झालं. आता ती मितेशदादाकडे, म्हणजे तिच्या मुलाकडे, विरारला फुलपाड्यात असते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. उतरली तर पुन्हा चढता येणार नाही म्हणून दादा तिला उतरूच देत नाही. घर आणि वाडी बघायला माणूस हवा होता. घराण्यात रिकामा कोण? प्रीतम. सगळ्यांना एका सेकंदात आठवलो.

आज तिला भेटायला गेलो तर तिने उशीखालून काचेची बाटली काढली. आत राख, राखेत चवळी. तांबूस दाणा, काळा डोळा, डोळ्याभोवती पांढरी कड. सदतीस दाणे. मोजून दिले.

"गेल्या साली सगळ्या शेंगा पावसात कुजल्या," ती म्हणाली. "हे त्याच्या आधीच्या सालचं. चवळी दोन वर्षं जागी असते, मग कायमची झोपते. या सालात आली तर आली. नाही तर संपली."

मी म्हटलं, "आत्या, मार्केटात पाकीट मिळतं चवळीचं."

तिने असं बघितलं, जणू मी देवाच्या ताटात थुंकलो.

मग नियम सुरू झाले. वाफा हाताने खणायचा. नांगर नाही, कारण ही चवळी ऋषिपंचमीला लागते आणि त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. मितेशदादा म्हणाला, "आई, मी पॉवर टिलर पाठवतो, अर्ध्या तासात काम होईल. टिलरला कुठे शिंगं असतात?" ती म्हणाली, "हात आहेत ना त्याला? दोन आहेत. मोजले मी." दादा हसला. मी नाही हसलो.

निघताना दादाने जिन्यात गाठलं. "हे बघ, ती मनाला लावून घेणारी आहे. अर्ध्यात सोडणार असशील तर आत्ताच सांग. तू आजवर पूर्ण केलेली एक गोष्ट सांगू शकतोस?"

मी अंधेरी ते चर्चगेट चालत गेलो होतो, ते सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

२५ जून

काल खणलं, आज पेरलं. आत्या म्हणाली होती पेरल्याची तारीख लिहून ठेव. लिहिली. हातांना सहा फोड आलेत, तेही लिहून ठेवतो.

खणताना कुंपणापलीकडून हेलन आंटी बघत होती. शेजारचं घर तिचं. एकटी असते, मुलगी वसई गावात दिलीय. आत्याचं आणि तिचं बोलणं नाही. का ते मला कोणी कधी सांगितलं नाही. लहानपणी मात्र मी तिच्याकडे नाताळचे फुगे खाल्लेले आठवतात, गोड, तळलेले, म्हणजे तेव्हा बोलणं असणार. आज एक शब्द नाही. उभी राहून बघायची, मग आत जायची, परत यायची. सर्कस आहे का इथे?

९ जुलै

एकोणतीस उगवल्या होत्या. काल संध्याकाळी मोजल्या, छान दोन-दोन पानं. आज सकाळी एकोणीस. दहा रोपांचे नुसते देठ उभे आणि मातीवर चांदीसारख्या चिकट रेघा. गोगलगायी! पाठीवर घर घेऊन फिरणाऱ्या त्या बुळबुळीत भटक्या. मी त्यांना शिव्या घालत गोळा करत होतो, बादली भरली. तेवढ्यात कुंपणापलीकडून, माझ्याकडे न बघता, मांजराला सांगावं तसा आवाज आला:

"रोपाभोवती राखेचं कडं करतात. गोगलगायीला राख चालत नाही. लोकांना माहीत नसतं."

मी विचारलं होतं? नाही विचारलं. सांगायचं तर काल सांगायचं होतं, दहा रोपं जायच्या आधी.

राखेचं कडं केलं. पण राग आहे.

फोनवर आत्याला एकोणीस सांगितलं. तिने परत विचारलं, एकोणीसच? मग म्हणाली, "एकोणीस पण पुरतात. एकसुद्धा पुरतो." शेवटी नेहमीसारखं विचारलं, "लाइट असते ना तिकडे? शेजारी वगैरे दिवा दिसतो ना संध्याकाळी?" हा प्रश्न ती रोज विचारते. लाइट गेली तर वायरमन हेलनच्या घरचा खांब आधी जोडतो आणि आपला नंतर, असा तिला संशय असावा. केवढं ते वैर. मी म्हटलं, "दिसतो, दिसतो, चांगला झगमगतो." "बरं," म्हणाली आणि ठेवला.

२८ जुलै

लिहिलं नाही कारण नव्हतो. अर्नाळ्याला एक होडी रंगवणारा भेटला. होडीच्या नाकावर डोळे काढतो, म्हणजे अक्षरशः डोळे, पापण्यांसकट. चार दिवस त्याच्याकडे राहिलो, डोळे काढायला शिकलो. डावा जमतो, उजवा तिरळा येतो.

परत आलो तर वेली मांडवावर चढलेल्या. मला वाटलं होतं लोळत असतील. चढल्या आपल्या आपण. चांगलं झालं. फक्त तीन वेली भलतीकडे गेल्यात, कुंपणाच्या तारेवरून सरळ हेलनच्या वाडीत. नुसत्या गेल्या नाहीत, तिने काथ्याने बांधून घेतल्यात! तिच्या जाळीवर, व्यवस्थित, हातभर अंतराने. एकोणिसातल्या तीन. दिवसाढवळ्या.

मी ओरडणार होतो, पण आधी आत्याला फोन केला, म्हटलं तिलाच भडकू दे.

"काथ्याने बांधल्यात?" ती म्हणाली. "सैल की घट्ट?"

"सैल. पण मुद्दा तो नाही आत्या!"

"राहू दे तिकडे. ओढू नको, चवळीचा वेल ओढला तर मुळापाशी तुटतो."

"आपली वेल आहे!"

"प्रीतम, ओढू नको म्हटलं ना."

जिचं भांडण तिलाच पडलेलं नाही. मी कशाला रक्त आटवतोय? तरी आटतं.

१३ ऑगस्ट

मावा पडलाय. काळा, कोवळ्या शेंड्यांवर, टाचणीच्या टोकाएवढा. त्यात मुंग्या राखणदार बनून फिरतात, कारण त्यांना त्याचा गोड रस मिळतो. आत्याने साबणाचं पाणी सांगितलं. रोज सकाळी एकेक शेंडा बोटांनी पुसतोय. हे काम करताना मनात माणसांची यादी तयार होते. आज मितेशदादा, गोव्याचा शॅकमालक, दहावीतले गणिताचे सर आणि हवामान खातं, असे चौघे पुसले.

फुलं आली. फिकट जांभळी, सकाळी उघडतात, उन्हं चढली की मिटतात. दुपारी उठणाऱ्याला दिसणारच नाहीत. गेले आठ दिवस मी साडेसहाला उठतोय. कोणाला सांगू नये.

२६ ऑगस्ट

शेंगा! हातभर लांब, टोकाला जांभळी छटा. आत्याला फोटो पाठवले. तिने उलट निरोप रेकॉर्ड करून पाठवला. तो इथे उतरवून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं:

"ऐक. वेलीच्या बुडाशी ज्या पहिल्या शेंगा येतात त्या बियाण्याला. त्या वेलीवरच वाळू द्यायच्या. पंचमीच्या आदल्या दिवशी आळीतल्या बायका टोपल्या घेऊन येतील भाजी खुडायला. हाताने खणलेल्या वाफ्यातलं त्यांना नाही म्हणायचं नसतं, आपल्याकडे कोणी कधी म्हटलेलं नाही. पण चिंधी बांधलेल्या शेंगेला कोणी हात लावत नाही. चिंधी दिसली की बियाणं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी जुनी सुती साडी मितेशबरोबर पाठवते. बोटभर रुंद फाडायची. सैल बांध."

साडी आली. मळकी गुलाबी, धुऊन धुऊन मऊ झालेली. चतुर्थी अजून बारा दिवसांवर. वेळ आहे.

३ सप्टेंबर

अॅक्टिवाचं पुढचं मडगार्ड खडखडत होतं. गॅरेजवाला म्हणाला दोन दिवसांनी ये. साडीची एक पट्टी फाडून बांधलं, आवाज बंद. सुती कापड खरंच भारी चीज आहे.

चिंध्या उद्या.

५ सप्टेंबर

सकाळी बांधायला बसलोच होतो. रस्त्यावरून एक माणूस सायकलवर ढोल घेऊन चालला होता, ढोल त्याच्यापेक्षा मोठा. पडणार हे दिसत होतं. मागे गेलो. नाही पडला, थेट नालासोपाऱ्यापर्यंत नाही पडला. वाया गेली सकाळ.

चिंध्या उद्या. नक्की.

७ सप्टेंबर, गणेशचतुर्थी

दादाच्या घरी दीड दिवसाचा गणपती. फुलं आणि केळीची पानं घेऊन फुलपाड्याला निघालो तर गासच्या वळणावर गर्दी. कोणाच्या तरी भाताच्या खाचरात अजगर आलेला, सर्पमित्र त्याला गोणीत भरत होता. गोणी लहान, अजगर मोठा, पब्लिक सल्ले देतेय, वर कुठून तरी बँजो वाजतोय. एवढ्यात आळीच्या टोकाच्या हंसाकाकीचा फोन. "वाडीत जातो रे आम्ही, घेऊ ना?" असं काहीतरी. मी म्हटलं जा, जा, पाहिजे ते घ्या, फाटकाची कडी वर उचलून उघडा. अजगर अकरा फूट भरला. मी स्वतः शेपटी धरली होती.

दीड तास उशीर झाला म्हणून दादा पाहुण्यांसमोर बोलला. "देव आला, हा नाही आला." सगळे हसले. आत्या तेवढी नाही हसली. तिने मोदक दिला आणि हळूच विचारलं, "चिंध्या बांधल्यास?"

"हो," मी म्हटलं. उद्या बांधणारच आहे, म्हणजे हो.

तिने डोक्यावरून हात फिरवला. मला ते नको होतं.

९ सप्टेंबर

काल जे झालं ते लिहितो.

काल विसर्जन करून संध्याकाळी परत आलो. मांडव मोकळा. सोळाच्या सोळा वेलींवर पानं आहेत, फुलं आहेत, वर चार काडीएवढ्या कोवळ्या शेंगा आहेत, बुडाच्या शेंगा एकसुद्धा नाही. अर्ध्या सुकलेल्या, दाणे टच्च भरलेल्या, पंधरा दिवसांत काढायच्या त्या शेंगा. साफ.

माझ्या डोक्यात एकच नाव आलं. कुंपणापाशी गेलो आणि जे तोंडात आलं ते बोललो. वेली ओढून पोट भरलं नाही का, म्हातारी बाई तिकडे अंथरुणाला खिळलीय आणि तुम्ही तिचं बियाणं खुडता, चर्चला जाता की नुसता कार्यक्रम बघायला जाता. याहून वाईटही बोललो. ते लिहीत नाही.

हेलन आंटी मांजर काखेत घेऊन दारात उभी होती. सगळं ऐकलं. मग म्हणाली, "झालं तुझं?" आणि दार लावलं.

मी ओट्यावर बसलो. दिवसभर उपाशी होतो. तेवढ्यात हंसाकाकी आली, हातात झाकलेली वाटी. "पंचमीची भाजी रे. तू कुठे करून खाणार एकटा." अळू, भेंडी, लाल माठ, शिराळं, मक्याचे दाणे. फोडणी नसते हिला, तरी काय चव. पहिली वाटी तीन मिनिटांत संपवली. तिने डब्यातून आणखी वाढली. मी खाता खाता तिला चोरी सांगत होतो.

"चोरी कसली?" काकी म्हणाली. "फोन केला होता ना तुला. तूच म्हणालास पाहिजे ते घ्या. आम्ही सगळी वाडी बघितली हो चिंधीसाठी, मी स्वतः एकेक वेल खालपासून बघितली. चिंधी नाही कुठे. म्हटलं मालनने या वर्षी बियाणं आधीच काढलेलं दिसतंय. काय दाणे होते! अख्ख्या आळीच्या भाजीला चव आली तुझ्या चवळीने."

वाटीत बघितलं. तळाला दोन दाणे. तांबूस. काळा डोळा.

काकीवर ओरडावं तर काय म्हणून ओरडू? तिने विचारलं होतं. तिने शोधली होती. मला कोणावर तरी ओरडायचं होतं आणि कोणी सापडत नव्हतं. शेवटी जाऊन मडगार्डवरची चिंधी दाताने तोडली. आता परत खडखडतंय.

१० सप्टेंबर

आळीत बारा घरी जाऊन विचारलं, कच्चा दाणा उरलाय का. नाही. पंचमीचं उरवत नाहीत. एका घरी म्हणाले टरफलं आहेत, गाईला द्यायची राहिलीत, हवी का.

वरच्या चार कोवळ्या शेंगा धरतील का? हंसाकाकीने बघितल्या. "पोचट आहेत. आता त्या वेलीत दम नाही, मावा चढलाय परत."

बाटली रिकामी आहे. पेरायला सगळे सदतीस घेतले होते, थोडे मागे ठेवायला हवे होते का? ते पण कोणी सांगितलं नाही. आत्याने सांगायला नको? आत्याचीच चूक आहे काही प्रमाणात.

नाही. वाचून बघितलं. राहू दे तसंच, खोडत नाही, पण नाही.

बॅग भरलीय. केरळला जाणारा एक ट्रकवाला ओळखीचा आहे, शुक्रवारी निघतो.

१२ सप्टेंबर

सकाळी दात घासत कुंपणापाशी उभा होतो. त्या तीन वेली. बायका हेलनच्या आवारात गेल्याच नव्हत्या, त्यांच्या पंचमीचं तिथे काय काम. तिच्या जाळीवर, बुडापासून, शेंगाच शेंगा. पिवळट पडलेल्या, वाळायला लागलेल्या. पंधरा-वीस असतील. आणि प्रत्येक शेंगेच्या देठाला निळ्या चौकड्याची चिंधी.

ब्रश तोंडात तसाच. म्हणजे तिला नियम माहीत आहे. मला नव्हता जमला तो.

दहा वाजता तिच्या दारात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा केस विंचरून माफी मागायला गेलो असेन.

"आंटी, त्या दिवशी मी बोललो ते..."

"ऐकलं मी. बहिरी नाही."

"सॉरी."

"बस. चहा घेणार?"

चहा घेतला. भिंतीवर तिच्या मिस्टरांचा फोटो, गॉडफ्रे अंकल. त्यांनी मला सायकल शिकवली होती, हे मी विसरलोच होतो. फोटोत निळ्या चौकड्याचा शर्ट. मी फोटोकडे बघतोय हे तिने बघितलं.

"चिंधीला जुनं सुती लागतं," ती म्हणाली. "मालननेच शिकवलेलं. दोघी मिळून बांधायचो. ती तिकडून, मी इकडून. मग बी निम्मं निम्मं. एकीचं गेलं तर दुसरीचं असावं म्हणून."

"मग तुमच्याकडे जुनं बी असेल!" मी उभाच राहिलो.

"नऊ वर्षांपूर्वीचं? ते शिजवून टाकलं मी. रागात."

मग तिने सांगितलं. गॉडफ्रे अंकल गेले ते नेमके पंचमीच्या दिवशी. सकाळी अंगणात पडले ते उठले नाहीत. सगळी आळी धावली. आत्या नाही आली. तिचा उपास, तिचं व्रत, मयताच्या घरात पाय टाकला तर सगळं बाटलं असतं. "माझा माणूस इथे, या जमिनीवर, आणि मला खिडकीतून दिसत होती मालन. ओट्यावर भाजी निवडत बसलेली. मान वर करीना. दुसऱ्या दिवशी आली, दारापर्यंत आली. मी दार उघडलं नाही."

मी म्हटलं, "आंटी, त्या शेंगा मिळतील का? दहा दिले तरी चालतील. ती तिकडे घरात अडकलीय, तिला काही माहीत नाही, संपलं म्हटलं तर..."

"तुला नाही देणार."

"मी सॉरी म्हटलं ना?"

"तुझ्यावर राग नाही रे बाबा. तू कोण? मालनला सांग, नऊ वर्षं झाली."

"म्हणजे काय?"

"तिला सांग. कळेल."

मला कळलं. हिला आत्या इथे येऊन हात जोडताना बघायचीय. मोडक्या खुब्याची बाई, तिसऱ्या मजल्यावरून, दहा दाण्यांसाठी. किती कोतं मन असावं माणसाचं! चहाबद्दल थँक्यू म्हणालो नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

ट्रकवाल्याला नाही म्हटलं. का ते विचारू नका, म्हणजे मीच मला विचारू नये.

१५ सप्टेंबर

काल दिवसभर सर आणि ऊन, सर आणि ऊन. वाळत आलेल्या शेंगेला असा पाऊस लागला की दाणा शेंगेतच मोड काढतो. गेल्या साली असंच गेलं. आणि ती बाई खुडत नाही. छत्री घेऊन बाहेर आली, शेंगांवर प्लास्टिकचा कागद बांधला, आत गेली. खुडत नाही.

दुपारी तीनला ती झोपते. मी कुंपणावर चढलो. खोटं कशाला बोलू, घेणारच होतो. एक पाय पलीकडे टाकला तर खिडकीतून आवाज: "त्या दगडावर शेवाळ आहे. इकडच्या बाजूने उतर, नाहीतर आत्याच्या शेजारचा पलंग मिळेल."

ती ओरडली असती तर उडी मारली असती. अशा बोलण्याला काय करणार? परत उतरलो. मांजर बघत होतं.

१६ सप्टेंबर

सांगितलं. फोनवर. समोर जायची हिंमत नव्हती.

चिंध्या नाही बांधल्या, खोटं बोललो, अजगर, हंसाकाकी, दोन वाट्या, सगळं. मग मी हेलनचं सांगितलं, आणि सांगताना परत भडकलो. "तिच्याकडे आहेत शेंगा, वीसेक, पण देत नाही. म्हणते मालनला इथे येऊन भीक मागू दे!"

"असं म्हणाली?"

"म्हणजे तसंच."

"तिचे शब्द सांग. जसेच्या तसे."

"'मालनला सांग, नऊ वर्षं झाली.' एवढंच. पण अर्थ तोच ना?"

मग तिने विचारलं, "आज तारीख काय?"

"सोळा."

फोन ठेवला. शिवी नाही, रडणं नाही, 'लाइट असते का' तेही नाही. यापेक्षा शिव्या परवडल्या. दादाला मेसेज केला, आत्या कशी आहे. त्याने उत्तर दिलं: "तू काय बोललास तिला? जेवत नाहीये. जिन्यात नेऊन उभी कर म्हणते. तुझं तोंड बघायचं नाहीये मला."

बरोबर आहे. मलाही नाही बघायचंय.

१८ सप्टेंबर, बुधवार

सकाळपासून हेलनच्या घरी माणसं येतायत. मुलगी, जावई, पाच-सहा बायका. हंसाकाकी म्हणाली, अंकलच्या वर्षाची मिस्सा, म्हणजे त्यांच्यासाठीची प्रार्थना, होती सकाळी चर्चमध्ये. पंचमी तिथीने येते, त्यांची आपली तारखेने. आज नऊ वर्षं पुरी. आता घरी प्रार्थना आहे.

म्हणजे ही आनंदाने किंवा दुःखाने, काय असेल त्याने, माणसं जमवून बसलीय आणि शेंगा तिकडे जाळीवर वाळून कुरकुरीत झाल्यात. आज ऊन आहे. उद्या नसेल. एक शेंग इथूनच तडकलेली दिसते, दाणे खाली पडले की मुंग्या नेणार. मी इथे ओट्यावर बसून हे लिहितोय, कारण लिहिलं नाही तर काहीतरी फेकून मारीन. त्या बाईला एवढं कळू नये? आत्या येऊ शकत नाही. डॉक्टरने सांगितलंय. तीन मजले, अठ्ठेचाळीस पायऱ्या, मी मोजल्यात.

रिक्षा आली कुठलीतरी. तिकडचेच पाहुणे असणार.

नाही. मितेशदादा उतरला. घामाने शर्ट चिकटलाय, ऑफिसचा आहे. दुसऱ्या दाराने वॉकर काढतोय. कोणासाठी

आत्या आहे.

पांढरी साडी नेसलीय. हात रिकामे. दादा तिला आमच्या फाटकाकडे वळवायला बघतोय, तिने त्याचा हात झटकला. आमच्या घराकडे, मांडवाकडे, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हेलनच्या फाटकाकडे निघालीय. आतली प्रार्थना थांबली. हेलन आंटी दारात आलीय, चप्पल न घालता पायऱ्या उतरतेय.

दोघी बोलत नाहीयेत. मधे दहा पावलं आहेत आणि सगळा चिखल. वॉकरचा पुढचा पाय रुतलाय. जातो.